कानाला कुलूप नाही

कॉम्प्युटर लॉक केला की तो झोपला, असं आपण धरून चालतो. झोपणं निराळं. स्लीपमध्ये प्रोसेसरचं काम जवळजवळ थांबतं, मग गजर कितीही महत्त्वाचा असो, त्या वेळी सहसा वाजत नाही. लॉक करताना विंडोज एक वेगळा, राखीव डेस्कटॉप पुढे आणतं, आणि टाइप केलेलं सगळं त्याच्याकडे जातं. मागे आपलं सत्र, म्हणजे उघडून ठेवलेलं सगळं काम, जसंच्या तसं चालू! फाइल उतरत असते, गाणं वाजत असतं, गजराचा प्रोग्राम सेकंद मोजत असतो. डोळ्यांना आणि हातांना बंदी. स्पीकरच्या वाटेवर मात्र पहारा नाही.

मला हे पटतं. बॅकअप अडकला, व्हिडिओ तयार झाला, या सूचना माणूस खुर्चीवरून उठल्यावरच तर कामाच्या. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा विंडोजच्या स्टोअरमधून घ्यायच्या नव्या अ‍ॅपना जाच सुरू झाला: नजरेआड गेलं की गोठवणार, मागे राहून वाजायचं असेल तर तसं आधी जाहीर करा. जुन्या वळणाच्या डेस्कटॉप प्रोग्रामांना असलं काही विचारलं जात नाही. ते बिनधास्त वाजतात.

अडचण गजराची नाहीच, चॅटची आहे. चॅटची खिडकी समोर उघडी असली की बऱ्याच प्रोग्रामांचं ‘टिंग’ दबतं. माणूस उठून गेला की तेच प्रोग्राम वाचाळ होतात. रिकाम्या खुर्चीपुढे टिंग, पुन्हा टिंग. कुणीतरी काहीतरी कळकळीनं सांगतंय एवढं आजूबाजूच्या सगळ्यांना कळतं, काय ते पासवर्डाआड. (आणि सांगणाराही भलताच चिकाटीचा असतो.) खरं तर स्क्रीन लॉक झाल्याची वर्दी विंडोज देतं, प्रोग्रामनं ती मागून घ्यायची, इतकंच. ती घेऊन ‘मालक जागेवर नाही, गप्पा बंद, गजर चालू’ असं ठरवणं काही अवघड नाही. पण लिहिणारा स्वतःच्या यंत्रासमोर बसून प्रोग्राम लिहितो. लॉक केल्यावर तो शेजारच्यांना कसा ऐकू येतो, हे त्याला कुठून कळणार?

आणखी एक गंमत. लॉक स्क्रीनवरही कीबोर्डवरच्या आवाजाच्या कळा चालतात, त्यांना पासवर्ड लागत नाही. म्हणजे तुमचं एक अक्षर कुणाला वाचता येत नाही, पण तुमच्या यंत्राचं तोंड कुणीही दाबू शकतो. टिंगटिंगला वैतागलेला कुणीतरी आवाज शून्यावर नेतो, त्यात गजरही गप्प होतो, आणि बोल मात्र प्रोग्रामला लागतो.