माईचे दात

आज माईला घेऊन चोपड्याहून जळगावला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. वर्षभर ती कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खातेय, शेंगदाण्याला तर हातच लावत नाही, आणि माझ्या लक्षात आलं ते आत्ता दिवाळीत. फार वाईट वाटतंय.

खालच्या दाढा काढून चार वर्षं झाली, जागा आम्ही तशीच ठेवली. डॉक्टरांनी एक्सरे दाखवला. तिथलं हाड झिजून खाली बसलंय, वरची दाढ त्या मोकळ्या जागेत उतरलीय. जागा भरायला त्यांनी तीन पर्याय सांगितले. काढती कवळी स्वस्त, रात्री काढून पाण्यात ठेवायची. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारावर पक्के बसवलेले दात, त्यासाठी ते चांगले दात घासावे लागतात, आणि मागे आधाराला दाढ हवी, ती माईला नाहीच. इम्प्लांट म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू, तो हाडात पक्का बसायला साधारण ३ ते ६ महिने. माईला शुगर आहे, म्हणून आधी ती आटोक्यात हवी आणि मिसरी पूर्ण बंद.

"माले आते कसाले दात?" माई म्हणाली. ती हे खर्चाचा आकडा ऐकून म्हणाली, एवढं मला कळतं. तरी इम्प्लांटच करायचं ठरवलंय.

धाकटीलाही दाखवलं, सहा वर्षांची आहे. तिची सगळ्यात मागची दाढ आम्ही दुधाची समजत होतो. ती कायमची आहे हो, या वयात येते! घरात लहान मूल असेल तर आजच बघा.

येताना तापीच्या पुलावर माईने कमरेची मिसरीची डबी काढली आणि न बोलता माझ्या हातात ठेवली.