महालातली अंधारी खोली आणि पंख्याच्या हुकातून टपकलेलं पाणी

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीतलं घर. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, समोर बैठक, मागे स्वयंपाकघर, आणि मध्ये 10 बाय 12 फुटांची खोली. तिला खिडकी नाही आणि काढायला जागाही नाही. सकाळी अकराला दोन्ही दारं उघडी ठेवून उजेड मोजायचा मीटर लावला तर 15 ते 20 लक्स. तांदूळ निवडायचे तरी ट्यूब लावायची. वर मात्र थेट गच्ची होती, म्हणून लाइट पाइपचा विचार होऊ शकला.

लाइट पाइपमध्ये नवलाचं काही नाही. गच्चीवर पारदर्शक डोम, त्याखाली आतून आरशासारखी चकचकीत नळी, आणि खाली छताला दुधी डिफ्यूजर. किटसोबत येणारं माहितीपुस्तक बहुतेक वेळा लाकडी, उतरत्या छपरासाठी लिहिलेलं असतं. तिथे करवतीने भोक पाडा, फ्लॅशिंग (सांध्यातून पाणी आत येऊ नये म्हणून लावायची पत्र्याची झालर) कौलाखाली सरकवा, संपलं. आपल्याकडे स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा म्हणजे पाणी अडवणारा थर, त्यावर पावसाळ्यात साचणारं पाणी. नळी बसवायला अर्धा दिवस पुरतो. खरं काम त्याआधीच्या भोकाचं आणि भोकाभोवतीच्या कठड्याचं असतं.

पहिला प्रश्न आकाराचा. या खोलीला 350 मिमी व्यासाची एक नळी किंवा 250 च्या दोन, असे दोन पर्याय होते. उजेड घेणारं क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच भरतं, एका मोठीचं 962 चौरस सेंटिमीटर आणि दोन लहानांचं मिळून 982. भोकं दोन म्हणजे गळतीच्या जागाही दोन, म्हणून माझा कल नेहमी एका मोठ्या नळीकडे असतो. पण इथे स्ट्रक्चरल इंजिनियरने मोडता घातला, आणि त्यांचं बरोबर होतं. स्लॅब 5 इंची, मुख्य सळ्या 6 इंचांवर. 350 च्या नळीला 400 मिमीचं भोक लागतं, त्यात दोन किंवा तीन सळ्या कापल्या जातात. 250 च्या नळीला 300 मिमी पुरतं, आणि भोकाचं केंद्र दोन सळ्यांच्या बरोबर मध्ये धरलं तर दोनच कापल्या जातात, बाजूच्या सळ्यांना पुरेसं कव्हर, म्हणजे सळी झाकणारं काँक्रीट, राहतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मिस्त्रीला उलटी वाटली. दोन्ही भोकं मुख्य सळ्यांच्या एकाच रांगेत घ्यायची. मिस्त्रीचं म्हणणं, तिरकी घेतली तर स्लॅबवर भार वाटला जाईल. पण तिरकी घेतली तर चार सळ्या कापल्या जातात. एका रांगेत घेतली तर त्याच दोन सळ्या दोनदा कापल्या जातात, बाकी सगळ्या शाबूत. भिंतीपासून 3 फूट, मध्ये 4 फूट, पुन्हा 3 फूट, अशी आखणी झाली. भोकांच्या दोन्ही बाजूंनी स्लॅबच्या पोटाला 50 बाय 6 मिमीच्या लोखंडी पट्ट्या केमिकल अँकरने (रसायनाने चिकटवलेल्या बोल्टांनी) घट्ट केल्या, त्या पुढे फॉल्स सीलिंगमध्ये झाकल्या गेल्या. हा उपाय या स्लॅबपुरता. दुसऱ्या घरात इंजिनियर वेगळं सांगेल. फ्लॅटमध्ये पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर भोकाचा विषयच काढू नये. आतली ताणलेली केबल कापली गेली तर स्लॅबही जातो आणि समोर उभा असलेला माणूसही.

जागा ठरवताना वर गच्चीवर सावली मोजावी लागते. नागपूर 21 अंश उत्तरेला. डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण 45 अंशांवर असतो, म्हणजे सावली वस्तूच्या उंचीइतकीच पडते. सकाळी नऊच्या सुमारास ती जवळजवळ दुप्पट होते. दक्षिणेला 5 फुटी पाण्याची टाकी असेल तर डोम किमान तितका तरी दूर हवा. उन्हाळ्यात हा त्रास नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य दुपारी डोक्यावर किंवा किंचित उत्तरेलाच असतो. कूलरचं स्टँड कुठे लागतं, कपडे कुठे वाळतात, हेही विचारून घ्यावं. चादर डोमवर पडली की खाली संध्याकाळ.

कापण्याच्या दिवशी आधी कोबा. त्यावर कोअर मशीन, म्हणजे गोल भोक कापणारं यंत्र, चालवायचं नाही. विटांचे तुकडे बिटात अडकतात आणि कडा पोकळ होतात. प्रत्येक जागी 2 बाय 2 फुटांचा चौकोन कटरने आखून छिन्नीने कोबा काढला, स्लॅब उघडा केला, मग सळ्या शोधणारं यंत्र, रिबार लोकेटर, फिरवून त्या खडूने आखल्या. त्याच फेरीत विजेच्या पाइपांचाही माग काढला. पंख्याच्या बॉक्सकडे जाणारी एक पाइप आखणीच्या जवळून जात होती, म्हणून पूर्वेकडचं भोक 2 इंच सरकवलं, त्याच रांगेत.

300 मिमीच्या भोकातून निघणारा काँक्रीटचा गोळा 5 इंची स्लॅबमध्ये साधारण 22 किलोचा असतो. तो खाली सुटला तर फरशी फुटते, आणि कुणी खाली असेल तर बोलायलाच नको. म्हणून खालून फळी आणि जॅक लावूनच मशीन सुरू करायचं. बिट थंड ठेवायला पाणी सोडावं लागतं आणि ते राखाडी चिखल होऊन खाली उतरतं. खोलीत प्लास्टिक, भोकाखाली घमेलं, आणि फडताळावरची भांडी आधीच दुसऱ्या खोलीत. ब्रेकरने भोक पाडून देणारे भेटतात, स्वस्तही पडतं. पण ब्रेकरचे हादरे भोकाबाहेरच्या काँक्रीटलाही बसतात, आणि खालच्या बाजूने पापुद्रा निघतो तो नेमका सळ्यांच्या कव्हरचा.

मग कठडा. हा कोब्याच्या तयार पृष्ठभागापासून 9 इंच वर यायला हवा. गच्चीचं पाणी जायची वाट एका झाडाच्या पानांनी तुंबली की गच्चीवर पाच-सहा इंच पाणी साचलेलं मी पाहिलं आहे, त्यामुळे यात कंजुषी नको. स्लॅबमध्ये 8 मिमी सळीचे तुकडे एपॉक्सीने रोवले, जुन्या काँक्रीटला बाँडिंग कोट दिला आणि तो चिकट असतानाच एम-20 काँक्रीट ओतलं. भिंत 3 इंच जाड, बाहेरून 18 इंचांचा चौकोन. किट मागवताना कर्ब माउंट, म्हणजे कठड्यावर बसणारं, फ्लॅशिंग मागावं, आणि ते हातात आल्यावरच कठड्याचा साचा लावावा. फ्लॅशिंगचं आतलं माप साडेअठरा इंच होतं, म्हणजे चारी बाजूंनी पाव इंच मोकळीक. उलट क्रमाने केलं की शेवटी ग्राइंडर घेऊन कठडा तासत बसावं लागतं.

नागपूरच्या उन्हात दोन गोष्टी हाताबाहेर जातात. तापमान 10 अंशांनी वाढलं की एपॉक्सीचा हाताळायचा वेळ साधारण निम्मा होतो. मेच्या दुपारी अर्ध्या तासाचा डबा भांड्यातच दगड. थोडं थोडं कालवावं आणि ते सकाळीच. दुसरं, काँक्रीटचं पाणी. ओली पोती सात दिवस, दिवसातून तीन-चारदा भिजवून. घरच्यांवर सोपवलं तर दुपारची फेरी चुकते, आणि सुकलेल्या कठड्याला केसासारख्या भेगा पडतात.

कोब्याचा कापलेला चौकोन परत भरताना जी चूक सर्रास होते ती अशी: वरून सिमेंट मारून बुजवतात. उघडी पडलेली विटांची कड पाणी पिते आणि ते स्लॅबच्या पाठीवरून कठड्याच्या बुडाशी येतं. आधी त्या कडेला आणि उघड्या स्लॅबला पॉलिमर सिमेंटचे दोन हात, मध्ये फायबरची जाळी, मग भराव, आणि कठड्याच्या पायाशी चारी बाजूंनी 3 इंची वाटा, म्हणजे कोपरा भरणारा गोलसर उतार. जाळी कठड्यावर निदान 6 इंच चढवावी.

इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. मग पाण्याची चाचणी. पूर्ण गच्चीवर 2 इंच पाणी चोवीस तास, आणि शिवाय प्रत्येक कठड्याभोवती मातीचा वेगळा बांध. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरच्या काकूंचा फोन आला. मधल्या खोलीत पाणी गळत होतं, पण भोकातून नव्हे, पंख्याच्या हुकातून. जवळच्या भोकापासून तो 2 फुटांवर.

"भाऊ, तुमच्या भोकाचंच पाणी येऊन राहिलं ना हे? इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही."

त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. आधी त्या खोलीची एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडली, कारण पाणी पंख्याच्या बॉक्समधून येतंय म्हणजे ते वायरसोबत येतंय. मग कठड्यांच्या बांधांत बाटलीतली नीळ घातली. पुडीतली नीळ नको, ती तळाशी बसते. टपकणारं पाणी दुपारपर्यंत स्वच्छच राहिलं. यावरून सुटका करून घेता येत नाही. विटा रंग धरून ठेवतात, त्यामुळे स्वच्छ पाणी हा पक्का पुरावा नव्हे. रंग आला तर गुन्हा सिद्ध, नाही आला तर काहीच सिद्ध नाही.

खरा उलगडा पाणी आळीपाळीने ठेवल्यावर झाला. कठड्यांचे बांध उपसून कोरडे केले, बाकी गच्ची भरलेली ठेवली; टपकणं चालूच. मग गच्ची रिकामी करून फक्त बांध भरले. जुनं मुरलेलं पाणी निथळायला वेळ लागतो, म्हणून रात्र जाऊ दिली. सकाळी हुक कोरडा. म्हणजे पाणी कठड्यातून नव्हतं. आता गच्चीवर गुडघ्यावर बसून शोध. पश्चिमेच्या पॅरापेटजवळ कधीकाळी डिश अँटेना होता. तो काढून नेताना बोल्ट मात्र कोब्यातच ठेवले होते, वर गंजाचे चार तपकिरी ठिपके. त्यांच्याभोवती तेवढाच बांध घालून पाणी भरलं, आणि दुपारी हुक पुन्हा ओला झाला.

वाट अशी होती: बोल्ट कोबा भेदून स्लॅबपर्यंत गेलेले, त्यांच्या कडेने पाणी कोब्याखाली उतरायचं, स्लॅबच्या पाठीवरून पसरायचं आणि विजेच्या पाइपचा जोड सापडला की त्यातून थेट पंख्याच्या बॉक्समध्ये. पावसाळ्यात हे का दिसलं नव्हतं? कारण गच्चीला ढाळ होता, पाणी तिथे थांबायचं नाही. थोडंसं मुरायचं, त्याचा डाग पडायचा. काकाजींनी मग सांगितलं, पंख्याभोवती पिवळा डाग होताच, दर दिवाळीला त्यावर रंग मारला जायचा. बोल्ट कापून काढले, भोकं 4 इंच रुंद उघडून कोरडी होऊ दिली, पॉलिमर मॉर्टरने भरली, वर जाळीसह लेप. गच्ची पुन्हा भरली, हुक कोरडा राहिला, तेव्हाच वायरिंग तपासून एमसीबी चालू केली. फॉल्स सीलिंग आधी झालं असतं तर हे पाणी पीओपीच्या पाठीवर साचत राहिलं असतं, आणि पुढच्या पावसात दोष अर्थातच नळीचा. तेव्हापासून अशी चाचणी सीलिंगच्या आधीच, हे मी लिहूनच देतो.

नळीबद्दल आता थोडक्यात. डोमपासून डिफ्यूजरपर्यंत लांबी 30 इंच, म्हणजे 760 मिमी. 250 मिमीच्या नळीत हिवाळ्याच्या दुपारी किरण साधारण तीनदा आपटतो. आतला थर 98 टक्के परावर्तन करणारा असेल तर तीन आपटींनंतर 94 टक्के उजेड उरतो. कूलरच्या डक्टसारखी चकचकीत पत्र्याची नळी 85 टक्क्यांची धरली तर 61. सकाळी आपटी दुप्पट होतात, तेव्हा हिशोब 89 विरुद्ध 38 असा. "पत्र्याची नळी मी अर्ध्या पैशात करून देतो" म्हणणाऱ्याला हे आकडे दाखवावेत. तुकडे दीड इंच एकमेकांत सरकवायचे, तीन स्क्रू, भोवती अ‍ॅल्युमिनियम टेप. आतली संरक्षक फिल्म अगदी शेवटी, सुती हातमोजे घालून काढायची. बोटाचा ठसा उमटला तर कोरड्या फडक्याने घासू नये, चरे पडतात.

डोम पॉलिकार्बोनेटचा घेतला, फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीमुळे. त्याची यूव्ही थर असलेली बाजू बाहेर. उन्हाळ्यात डोम आणि कठडा यांच्या फुगण्यात मिलिमीटरभर फरक पडतो, म्हणून स्क्रूची भोकं मोठी ठेवून वॉशर लावायचे आणि गच्च आवळायचं नाही. आवळलेल्या डोमला स्क्रूपासूनच तडा जातो. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिमेंटला धड धरत नाही आणि पॉलिकार्बोनेटलाही बाधतं.

एप्रिलच्या निरभ्र दुपारी टेबलाच्या उंचीवर सरासरी 250 लक्स भरले, पावसाळी ढगात 50 च्या आसपास. "उन्हाळ्यात खोली तापेल का?" हा नागपुरात हमखास येणारा प्रश्न. दुपारी दोन्ही नळ्यांतून येणाऱ्या उजेडाबरोबर साधारण 50 ते 60 वॅट उष्णता येते, स्वस्थ बसलेल्या एका माणसाच्या अंगातून निघते त्यापेक्षा कमी.

डिसेंबरमध्ये काकूंनी पुन्हा बोलावलं, डिफ्यूजरच्या कडेला पहाटे थेंब दिसतात म्हणून. पाऊस नव्हता. स्वयंपाकघरातली वाफ मधल्या खोलीत येऊन डिफ्यूजरच्या सैल गॅस्केटमधून नळीत चढत होती, आणि निरभ्र रात्री डोम बाहेरच्या हवेहूनही थंड होत असल्याने आतून दव धरत होता. अशा वेळी डोमची कड बाहेरून सिलिकॉनने बंद करायचा मोह होतो. तसं केलं तर आतला दमटपणा बाहेर पडायची वाटच राहत नाही. गॅस्केट बदललं, डिफ्यूजरची रिंग नीट बसवली आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा लावून घेतला. थेंब थांबले.