लँडलाइनचा जुना नंबर फायबरवर नेताना : माझा अनुभव

तांब्याची लाइन सोडा, फायबर घ्या, नंबर तोच राहील असं सांगतात, आणि राहतो पण, फक्त तो पुन्हा वाजेपर्यंत काय मनस्ताप होतो ते कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. 0731 चा हा नंबर सासऱ्यांनी घेतलेला, पुणे-देवास-ग्वाल्हेरचे सगळे नातेवाईक आईंना त्याच्यावरच फोन करतात. मोबाइलवर त्यांना धड ऐकू येत नाही, रिसीव्हरच लागतो. पण पाऊस पडला की लाइनवर नुसती खरखर. म्हणून फायबर घेतलं. फॉर्म, आधार, वायर ओढणं सगळं पटापट झालं आणि नेट त्याच दिवशी सुरू.

फोन मात्र मेला. डायल टोनच नाही. फायबरच्या डब्यावर (मोडेमवर) पॉनचा, म्हणजे फायबर सिग्नलचा दिवा हिरवा, लॅनचा, म्हणजे नेटच्या वायरचा लुकलुकतोय, फोनचा दिवा बंद. लाइनमन म्हणाला, "मैडम, नेट चालू है ना, फोन भी आ जाएगा एक-दो दिन में." कुठला यायला! टेलिफोन कंपनीच्या ऑफिसात गेले तर म्हणे फायबरचं काम फ्रँचायझीवाल्याचं, त्याला विचारा. तो म्हणे नंबर ऑफिसचा, माझ्या हातात काही नाही. कस्टमर केअरवर तक्रार लिहवली की संध्याकाळी मेसेज हजर, तक्रार सोडवली! अहो, घरी कोणी फिरकलं सुद्धा नाही आणि सोडवली कशी? नेट चालू दिसलं की यांच्या लेखी केस बंद. याचा राग अजून गेलेला नाही माझा. तिकडे पुण्याच्या आत्या घाबरून ह्यांच्या मोबाइलवर, वहिनी बऱ्या आहेत ना, नंबरच लागत नाहीये.

शेवटी ऑफिसातल्या एका तरुण इंजिनिअरने नीट समजावलं. जुन्या लाइनीत आपला नंबर म्हणजे एक्सचेंजला जोडलेली आपली तारेची जोडी. फायबरवर आवाजाचे डिजिटल तुकडे होऊन ते डेटासारखेच जातात, आणि नंबर म्हणजे सर्व्हरवरचा एक आयडी-पासवर्ड, त्या पद्धतीला एसआयपी म्हणतात. म्हणजे कामं दोन, नंबर नव्या सर्व्हरवर चढवणं आणि तो आयडी-पासवर्ड घरच्या डब्यात भरणं. आमचं पहिलं झालेलं, दुसरं कोणी केलंच नव्हतं! त्याने फ्रँचायझीवाल्याला माझ्यासमोर फोन लावला, त्या मुलाने घरी येऊन भरलं, फोनचा दिवा लागला, मी मोबाइलवरून रिंग दिली आणि आईंनी पहिल्याच रिंगला उचलला. इतकं हायसं वाटलं!

म्हणून तक्रारीत नुसतं 'फोन बंद' लिहू नका, 'नेट चालू आहे पण व्हॉइस रजिस्टर होत नाही, फोनचा दिवा बंद आहे' असं लिहा. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, जपून ठेवा. तक्रार परस्पर बंद केली तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील ऑथॉरिटीकडे अपील करता येतं, ट्रायचा (सरकारी दूरसंचार नियामकाचा) 2012 चा नियम आहे, फी लागत नाही.

हो, आणि जुनं बटणांचं इन्स्ट्रुमेंट असेल तर खाली टी (टोन) आणि पी (पल्स) असा खटका असतो, तो टी वर हवा, पी वर बरेच डबे नंबर घेत नाहीत. मोबाइलला लावताना आधी शून्य, तो नियम जानेवारी 2021 पासून सगळ्याच लँडलाइनला आहे.

लाइट गेली की फोन पण जातो हे आधीच लक्षात घ्या. जुन्या तारेतून एक्सचेंजहूनच 48 व्होल्ट यायचे म्हणून अंधारात पण फोन चालायचा, फायबरमधून वीज येत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर राउटरचा छोटा यूपीएस घ्याच, फक्त डब्याच्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय की आणखी काही ते बघून. आवाज मात्र आता एकदम साफ, आईंना आत्यांचं सगळं बोलणं कळतं.

आणि पुढचं बिल नीट बघा, त्यात जुन्या लाइनचं भाडं लागलेलं नसावं. आमच्या बिलात होतं, भांडून काढून घेतलं.