मिशनच्या कॉलेजात तुम्ही कशा काय?

हा प्रश्न मला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी येतो. कधी ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळच्या फेरीत, कधी सोसायटीच्या हळदीकुंकवाला वाण हातात देता देता. माझं आडनाव, कपाळावरचं कुंकू आणि "मी डी.एड. (शिक्षक होण्याची पदविका) ख्रिस्ती मिशनच्या कॉलेजातून केलं" हे वाक्य, या तिन्हींचा मेळ लोकांना बसत नाही. काही जणी सरळ विचारतात. काही आवाज खाली आणतात, "तिथे ते… म्हणजे धर्माचं वगैरे करायला लावायचे का हो?"

परवा आमच्याच मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं. सुनेला डी.एल.एड., म्हणजे आताचं डी.एड., करायचंय आणि ज्या दोन-तीन संस्था मनात आहेत त्यांतली एक ख्रिस्ती बायकांची आहे. मी जिन्यात, हातात दुधाच्या पिशव्या, लिफ्ट बंद. "बसून सांगते" म्हणाले आणि वर चढले. तर आता तुम्ही विचारलंत म्हणून.

१९७४ साली मी ठाण्यातून जुन्या अकरावीची एसएससी झाले. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला, आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. डी.एड. तेव्हा एसएससीनंतर दोन वर्षांचं होतं. मावशी घाटावर मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिनं पत्र लिहिलं, इथे बायकांचं अध्यापिका विद्यालय आहे, वसतिगृह आवारातच, खर्च बेताचा. वडिलांनी उलट टपाली एकच गोष्ट विचारली, फाटक किती वाजता बंद होतं? मावशीनं कळवलं, सहा. माझी ट्रंक भरायला सुरुवात झाली.

तेव्हा खरं उत्तर इतकंच आहे. मी फाटकामुळे गेले.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार करणार आहे आणि पन्नास वर्षांनी कुणाला मान खाली घालायला लावण्यात अर्थ नाही. दगडी इमारत, वर कौलं, आवारात चिंचेची झाडं. आत शिरल्यावर लांबच लांब व्हरांडा आणि भिंतीवर ओळीनं मुख्याध्यापिकांचे फोटो. आधीच्या मडमा, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या. मग एकदम नऊवारीतल्या बाई, मग पाचवारीतल्या. खाली वर्गांचे फोटो. शनिवारी ते पुसायचं काम माझ्याकडे असे. मडमांची नावं काचेखाली सुवाच्य अक्षरात. मुलींच्या जुन्या फोटोंखाली नुसतं 'विद्यार्थिनी' आणि साल. या कोण होत्या, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं ते आजवर निघालेलं नाही. पुढे नोकरी लागल्यावर इथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात रविवार घालवले, ते बरेचसे यापायीच.

आधी एक गोंधळ काढून टाकते. ठाणेकरांना ख्रिस्ती म्हटलं की तलावाकाठचं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च आठवतं. ते कॅथलिक, त्याची मुळं पोर्तुगीज काळात. मी म्हणते ती मिशनं प्रॉटेस्टंट, अमेरिकन आणि स्कॉटिश, एकोणिसाव्या शतकात आलेली. आपण दोघांना एकाच पोत्यात घालतो. ते स्वतः मात्र एकमेकांबरोबर त्या पोत्यात शिरायला तयार नसत.

अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले १८१३ साली. १८२४ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. आता शाळा काढणं एक आणि शिकवायला बाई मिळणं दुसरं. पुरुष मास्तरासमोर आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुलगी कोण बसवणार? घरोघर जाऊन शिकवायचं तर पुरुषाला माजघरात पाऊल टाकता येत नाही. १८२७ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित बाई अमेरिकेहून आली ती याच कामासाठी. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन नवऱ्याबरोबर मुंबईत आल्या, मुलींच्या शाळा उभ्या केल्या आणि १८३५ मध्ये इथेच वारल्या. फरारबाई पुढे अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये वारल्या त्या तिथेच. पण परदेशातून बोटीनं किती बाया आणणार? इथल्याच बायकांना शिकवून मास्तरीण करणं भाग होतं. म्हणून 'नॉर्मल स्कूल'. मूळ फ्रेंचांचा शब्द, शाळा कशी असावी याचा नमुना घालून देणारी शाळा. माझी आजी 'नार्मल' म्हणायची, "अमकीची पोर नार्मल झाली", म्हणजे ट्रेनिंग घेऊन मास्तरीण झाली. आधी ती काय होती, असं आम्ही पोरं विचारायचो.

फरारबाईंच्या नगरच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनात घेतलं. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. १८४८ ची गोष्ट आपण भाषणांतून सांगतो तेव्हा ही मधली कडी गाळतो. गाळली की सावित्रीबाई मोठ्या होत नाहीत. उलट, त्या शिकवणं शिकल्या होत्या, नुसत्या तळमळीवर वर्गात उभ्या राहिल्या नव्हत्या, हे झाकलं जातं. मला शिक्षिका म्हणून याचा राग येतो. तळमळ काय, सगळ्यांनाच असते.

पुढचा भाग भरभर सांगते. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शिक्षणधोरणानं, खाजगी शाळांना सरकारी अनुदानाचा रस्ता मोकळा केला, त्यात मिशनच्याही आल्या. १८६६ मध्ये इंग्रज समाजसुधारक मेरी कार्पेंटर हिंदुस्थानात फिरल्या आणि स्त्रियांसाठी नॉर्मल स्कूल हवीत असा धोशा त्यांनी सरकारमागे लावला. १८८२ मध्ये सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली, शिकवायला बाया हव्यात, त्यांना नीट तयार करायला हवं, आणि त्यांचा पगार पुरुषांपेक्षा जास्त हवा. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्याही नव्हत्या, ते पुढल्या वर्षी, इंग्लंडात.

पण या शिकायला येणार कोण? इथे माझ्या फोटोतल्या 'विद्यार्थिनी' येतात. खाऊनपिऊन सुखी घरातली सून येणार नव्हती. जिला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं ती आली. ख्रिस्ती झालेल्या महार-मांग कुटुंबांतल्या मुली. १८७६ ते ७८ च्या आणि नंतर १८९६ च्या दुष्काळांत आईबाप गेलेल्या, मिशनच्या आश्रयाला आलेल्या पोरी. विधवा. १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई, पुढे अण्णा कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. सदन पुण्याला गेलं आणि १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या.

म्हणजे वहिनी आवाज खाली आणून विचारतात तो प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे, आणि उगाच नाही. हेतू होता. लपवलेलाही नव्हता. मिशनला वाचता येणारी बाई हवी होती ती बायबल वाचावं म्हणून, आणि शिकवणारी बाई हवी होती ती चार घरांत जाऊन वाचून दाखवील म्हणून. शाळा हे त्यांच्या लेखी साधन. पण महिन्याच्या महिन्याला पगार हातात येणारी बाई गावात पहिल्यांदा दिसली ती याच साधनातून. तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. आता यातलं साधन कुठलं आणि साध्य कुठलं, ते मिशनच्या मंडळींनी त्यांच्या देवाकडे बघून ठरवावं. त्या पोरींनी आपल्यापुरतं ठरवलं होतं असं मला वाटतं.

माझ्या वेळी आमच्या वर्गात चाळीसजणी. हिंदू आणि बौद्ध मिळून निम्म्याहून जास्त, दोघी मुसलमान. मला दोन वर्षांत कुणी धर्म बदल म्हटलं नाही. पण सकाळी साडेसहाची प्रार्थना सगळ्यांना होती, आणि तिची हजेरी लागायची. ही ती तक्रार. आम्ही हिंदू मुली निवांत जायचो, डोळे मिटून पेंगायचो, गाण्यांच्या चाली आवडायच्या. माझ्या शेजारच्या कॉटवरची मुलगी गेली नाही. तिचे वडील १९५६ ला नागपुरात होते. ती म्हणाली, "आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. मी कुणाच्याच देवापुढे उभी राहणार नाही." वसतिगृहाच्या बाईंनी तिची रविवारची बाहेर जायची सुट्टी बंद केली. एक महिना, दोन महिने. आम्ही बाकीच्या गप्प. मीही गप्प. शेवटी तीच प्राचार्यांच्या खोलीत गेली आणि पंधरा मिनिटांनी किल्ल्या घेऊन बाहेर आली. प्रार्थनेच्या वेळात तिनं वाचनालय उघडून बसायचं असं ठरलं. अनुदान घेणाऱ्या संस्थेत संमतीशिवाय कुणाला प्रार्थनेला बसवता येत नाही, हे घटनेच्या २८ व्या कलमात लिहिलंय, हे मी नोकरीत दहा वर्षं काढल्यावर वाचलं. तिला ते तेव्हाच माहीत होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

एवढं सांगून झालं की लोक समाधानानं मान हलवतात आणि उठतात. खरं तर माझ्या लेखी इथे सुरुवात होते, कारण कॉलेजात आम्ही जे करायचो ते याहून निराळंच होतं.

आवारातच मिशनची प्राथमिक शाळा होती, तिथे आमचे सराव पाठ. आदल्या रात्री कंदिलापाशी पाठाचं टाचण काढायचं (वीज होती, पण भरवशाची नव्हती), हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावानं चालणाऱ्या पंचपदीप्रमाणे, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांप्रमाणे. पंचपदी म्हटल्यावर मला पहिले काही दिवस भजनच वाटलं. तक्ते स्वतः रंगवायचे. फळ्यावर लिहायला खडू मोडून अर्धा करायचा, म्हणजे किंचाळत नाही. लिहिता लिहिता फळ्यालगत सरकायचं, मग ओळ उतरत नाही. पुसायचं वरून खाली, आडवं नाही, नाहीतर धूळ पहिल्या बाकावरच्या पोरांच्या नाकात. या तिन्ही गोष्टी मला आमच्या अध्यापन-पद्धतीच्या बाईंनी शिकवल्या. त्या आमच्या फोटोंच्या ओळीतल्या नव्हत्या, त्यांचा फोटो कधी लागलाच नाही. तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती, पाचवारी, केसांचा घट्ट अंबाडा. शेवटच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसायच्या आणि तास संपेपर्यंत चेहऱ्यावर काही दिसू द्यायच्या नाहीत.

माझा चौथा की पाचवा पाठ, इयत्ता तिसरी, गणित, हातच्याची बेरीज. मला वाटलं, रंगला. प्रश्न विचारला की उत्तर येत होतं, हात वर होत होते, घंटा व्हायच्या आत उजळणीही झाली. वहीत शेरा होता, "पाठ चांगला. सात मुलांना शिकवला. वर्गात चौतीस आहेत."

संध्याकाळी त्यांनी मला चिंचेखाली बोलावलं आणि चौतीस चिंचोके वेचायला लावले. दुसऱ्या दिवशी ते टेबलाच्या डाव्या कडेला ठेवायचे. जे मूल तासात बोलेल, चुकीचं का होईना, त्याचा एक चिंचोका उजवीकडे. सांगायला सोपं आहे. सातव्या-आठव्या चिंचोक्यानंतर हात जड होतो, कारण पुढचं मूल शोधावं लागतं. ते खिडकीबाहेर बघत असतं किंवा नाव विचारलं तरी उभं राहत नाही. त्या दिवशी माझे एकोणीस झाले. बाईंनी शेरा लिहिला नाही, नुसतं १९ लिहून खाली रेघ ओढली.

१९७६ ला मी ठाण्यात नगरपालिकेच्या शाळेत लागले. वर्ग साठाचा. तेवढे चिंचोके टेबलावर मावेनात, म्हणून बांगड्यांच्या डब्यात ठेवले. महानगरपालिका झाली, बाकं बदलली, पाटी जाऊन वह्या आल्या, मी निवृत्त झाले तोवर फळ्याच्या शेजारी पडदा आला होता. डबा तोच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तो उघडून बघितला आणि विचारलं, "बाई, शाळेत सारीपाट खेळता काय?"

वहिनींच्या सुनेबद्दल. ती संस्था कुणाची आहे याची चौकशी त्यांनी जरूर करावी, पण त्याआधी सराव पाठ खरोखर होतात का ते विचारावं. मध्ये डी.एड. कॉलेजांचं जे पीक आलं होतं, त्यांतल्या काहींत टाचणवह्या एका रात्रीत एकीवरून दुसरीनं उतरवून काढलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात, आणि अशा मुली पुढे माझ्याच शाळेत शिक्षणसेवक म्हणून आल्या. त्यांची चूक नव्हती, त्यांच्या मागे कुणी बसलंच नव्हतं. शिवाय टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा द्यायची, मग पवित्र पोर्टल या सरकारी शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावर वाट बघायची, मग तीन वर्षं महिना सोळा हजार मानधनावर शिक्षणसेवक. हे सगळं माहीत असूनही पोरीला शिकवायचंच असेल तर मी आडवी येणार नाही.

काल सून स्वतःच आली, लेकराला कडेवर घेऊन. मी फाटकापासून चिंचोक्यांपर्यंत सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "काकू, पण सुटतं किती वाजता? याची बालवाडी साडेबाराला सुटते."

ते मला ठाऊक नव्हतं. उद्या दोघी जाऊन विचारणार आहोत.