स्प्लिट हे एकच फंक्शन असावे का?

गेली काही वर्षे फावल्या वेळात मी एक लहानशी प्रोग्रॅमिंग भाषा लिहीत आहे. तिच्या स्टँडर्ड लायब्ररीत (भाषेसोबत तयार मिळणाऱ्या फंक्शन्सच्या संचात) स्ट्रिंगचे, म्हणजे मजकुराच्या सलग ओळीचे, तुकडे करणारे स्प्लिट हे फंक्शन अगदी अलीकडेपर्यंत नव्हते आणि त्याची मला फारशी उणीवही भासत नव्हती, कारण पाच-सात ओळींचा लूप लिहिला की काम भागत असे. मात्र त्या भाषेतले माझे जुने प्रोग्रॅम चाळताना असे दिसले की हाच लूप मी चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिला आहे, आणि "अ,ब," ही एकच स्ट्रिंग स्वल्पविरामावर तोडायला दिली असता त्यांतले तीन लूप तीन तुकडे देतात, तर चौथा दोनच. यांपैकी बरोबर कोण, हे ठरवण्यासाठी माझ्याकडे कोणताही निकष नव्हता. लायब्ररीत एखादे फंक्शन नसणे म्हणजे ते प्रत्येकाने आपापल्या समजुतीनुसार लिहिणे, हे तेव्हा नीट ध्यानात आले.

या बाबतीत माझी भाषा एकटी नाही. लुआ या भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत तुकडे जोडण्यासाठी टेबल.कॉन्कॅट आहे, पण तोडण्यासाठी काहीच नाही. तिथे पॅटर्न वापरून प्रत्येक जण स्वतःचे स्प्लिट लिहितो. सी++चे पहिले प्रमाणीकरण १९९८ साली झाले, आणि स्टँडर्ड लायब्ररीत व्ह्यूज::स्प्लिट यायला सी++२० उजाडावे लागले. तेही प्रत्यक्ष वापराला इतके अवघड निघाले की ती आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर त्याची रचना दोष म्हणून दुरुस्त करण्यात आली आणि जुन्या रूपाला लेझी स्प्लिट असे वेगळे नाव देण्यात आले.

निकष शोधताना मी तोडण्याऐवजी जोडण्यापासून सुरुवात केली. जोडणे म्हणजे काय याबद्दल कुणाचे दुमत नसते: तुकडे घ्यायचे आणि दर दोन तुकड्यांच्या मध्ये विभाजक, म्हणजे स्वल्पविरामासारखे चिन्ह, ठेवायचा. मग तोडण्यावर एवढीच अट घालता येते, की कोणत्याही तुकड्यात विभाजक उरू नये आणि तोडलेले तुकडे त्याच विभाजकाने पुन्हा जोडले तर मूळ स्ट्रिंग जशीच्या तशी परत मिळाली पाहिजे. या एका अटीतून बरेच काही आपोआप ठरते. विभाजक जितक्या वेळा आला असेल त्याहून एक तुकडा अधिक मिळतो. लागोपाठ दोन स्वल्पविराम आले तर त्यांच्यामध्ये एक रिकामा तुकडा असतो. आणि "अ,ब," याचे तुकडे तीनच होतात, ज्यांतला शेवटचा रिकामा असतो.

एक गाठ मात्र या अटीने सुटत नाही. रिकाम्या स्ट्रिंगचे तुकडे किती, शून्य की एक? शून्य तुकडे जोडले तरी रिकामी स्ट्रिंग मिळते आणि एकच रिकामा तुकडा जोडला तरी तीच मिळते, त्यामुळे दोन्ही उत्तरे अटीत बसतात. पायथन, गो आणि जावास्क्रिप्ट या तिन्ही भाषा स्वल्पविरामावर रिकामी स्ट्रिंग तोडताना एक रिकामा तुकडा देतात. पर्ल आणि रुबी एकही देत नाहीत. मी पहिल्या बाजूचा आहे, कारण "विभाजकांहून एक अधिक" हा नियम शून्य विभाजकांनाही लागू राहतो आणि अपवाद लक्षात ठेवावा लागत नाही. वापरणाऱ्याला पुष्कळदा शून्य तुकडे हवे असतात हे मला मान्य आहे. पण ती गरज त्याच्या माहितीच्या अर्थातून येते, तोडण्याच्या क्रियेतून नव्हे.

अपवाद करत गेले की काय होते हे जावाच्या स्प्लिटमध्ये चांगले दिसते. २००२ साली आलेल्या १.४ आवृत्तीतले हे फंक्शन विभाजकाला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे काही चिन्हांना खास अर्थ असलेला शोधाचा नमुना, मानते आणि शेवटचे रिकामे तुकडे गुपचूप टाकून देते. दोन्ही निर्णय वेगवेगळे पाहिले तर समजण्यासारखे आहेत, पण एकत्र आले की चमत्कार घडतो. "अ.ब" ही स्ट्रिंग "." वर तोडायला सांगितली तर टिंबाचा अर्थ "कोणतेही अक्षर" असा होतो, प्रत्येक अक्षर विभाजक ठरते, उरलेले सगळे तुकडे रिकामे निघतात, आणि सगळेच शेवटचे असल्यामुळे सगळेच गळून हाती शून्य लांबीचा ॲरे (तुकड्यांची यादी) येतो. ना त्रुटीचा संदेश, ना सूचना. त्याच नियमांनी एकट्या स्वल्पविरामाचे शून्य तुकडे होतात, पण रिकाम्या स्ट्रिंगचा एक होतो. शेवटचे रिकामे तुकडे टिकवायचे असतील तर जास्तीत जास्त किती तुकडे हवेत ही मर्यादा सांगण्याच्या जागी उणे संख्या द्यावी लागते. ज्याला हे ठाऊक नसते त्याच्या फाइलीतला शेवटचा रकाना एखाद्या दिवशी रिकामा येतो आणि प्रोग्रॅम ॲरेच्या बाहेर पाऊल टाकतो.

सी भाषेतल्या स्ट्रटॉक या तुकडे करणाऱ्या फंक्शनवर हसणे सोपे आहे: ते मूळ स्ट्रिंगमध्येच शून्य बाइट लिहून ठेवते, कुठवर आलो हे आपल्या पोटात लपवते, आणि म्हणून एका लूपच्या आत दुसरा स्ट्रटॉकचा लूप चालवता येत नाही. युनिक्ससारख्या प्रणालींचे मानक असलेल्या पॉझिक्सने पुढे स्ट्रटॉक_आर आणून ती लपवलेली खूण वापरणाऱ्याच्या हाती दिली. पण माझ्या दृष्टीने त्याचा अधिक बोधक गुण दुसरा आहे. स्ट्रटॉक लागोपाठचे विभाजक एकच समजते आणि रिकामा तुकडा कधीच देत नाही. म्हणजे ते रकाने तोडत नाही, शब्द वेचते. या दोन निराळ्या क्रिया आहेत. रकान्यांमध्ये रिकामी जागा हीसुद्धा माहिती असते, तर शब्दांमधल्या तीन स्पेस आणि एक स्पेस यांत काही फरक नसतो.

पायथनमध्ये या दोन्ही क्रिया एकाच नावाखाली राहतात: स्प्लिटला काहीच दिले नाही तर ते मोकळ्या जागांवर शब्द वेचते, आणि एक स्पेस दिली तर रकाने तोडते. लिहिताना हे सोयीचे वाटते, वाचताना मात्र कंसात काय आहे ते डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. गोने शब्द वेचणाऱ्या फंक्शनला फील्ड्स हे स्वतंत्र नाव दिले. झिगने २०२३ साली ०.११ आवृत्तीत आणखी एक पाऊल पुढे टाकले आणि विभाजक एकच घटक आहे, अनेक घटकांची सलग साखळी आहे, की अनेकांपैकी कोणताही एक आहे, यानुसार नावेच वेगळी केली. नावे लांबली, पण गोंधळ मिटला. मीही वर्ड्स आणि स्प्लिट अशी दोन फंक्शन्स ठेवली आणि वर्ड्सला विभाजक देण्याची सोयच ठेवली नाही.

पुढचा प्रश्न मर्यादेचा होता. पायथनमध्ये ही संख्या कापांची असते, तर गो आणि जावामध्ये तुकड्यांची. म्हणजे पायथनमधल्या एकचा अर्थ तिकडे दोन. जावास्क्रिप्टमध्ये संख्या तुकड्यांचीच, पण मर्यादेपलीकडचा मजकूर शेवटच्या तुकड्यात न राहता सरळ हरवतो. माझे जुने प्रोग्रॅम तपासले तेव्हा मर्यादेची गरज जिथे जिथे पडली होती, तिथे हेतू बहुतेक एकच होता: पहिल्या विभाजकावर स्ट्रिंगचे दोन भाग करणे. इतर भाषांनाही हेच उमगलेले दिसते. पायथनने २००६ साली २.५ आवृत्तीत पार्टिशन आणले, रस्टच्या १.५२ आवृत्तीत २०२१ साली स्प्लिट_वन्स स्थिर झाले, आणि गोच्या १.१८ आवृत्तीत २०२२ साली कट आले. म्हणून मी मर्यादा वगळली आणि कट घेतले.

कटमध्ये विचार करण्याजोगी एकच गोष्ट असते: विभाजक सापडलाच नाही तर काय द्यायचे? पायथन पूर्ण स्ट्रिंग आणि तिच्यापुढे दोन रिकाम्या स्ट्रिंग देते, गो तिसरे मूल्य म्हणून खरे-खोटे सांगते, रस्ट ऑप्शन देते, म्हणजे मूल्य आहे किंवा काहीच नाही असे स्पष्ट सांगणारा प्रकार. "नाव=" आणि "नाव" या दोन ओळींतला फरक वापरणाऱ्याच्या नजरेतून सुटता कामा नये, कारण पहिलीत मूल्य रिकामे आहे आणि दुसरीत ते दिलेलेच नाही. माझ्या भाषेत ऑप्शन आहेच, तेव्हा रस्टची वाट धरली.

मेमरीबद्दल थोडक्यात. तुकड्यांची यादी करण्याऐवजी एकेक तुकडा मागेल तसा देणारा इटरेटर द्यावा हे आता सर्वमान्य होत आले आहे. गोनेही २०२५ साली १.२४ आवृत्तीत स्प्लिटसेक आणले. तुकड्यांची कॉपी करावी की मूळ स्ट्रिंगकडे बोट दाखवावे, हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून कठीण आहे. जावामध्ये पूर्वी सबस्ट्रिंग मूळ ॲरेच वापरत असे, त्यामुळे दहा अक्षरांचा तुकडा जपून ठेवला तर मागे कित्येक मेगाबाइटची स्ट्रिंग जिवंत राहायची. जावा ७च्या सहाव्या अपडेटपासून ती कॉपी होऊ लागली. मी बोट दाखवण्याचा मार्ग निवडला आहे आणि हा धोका दस्तऐवजात लिहिला आहे.

रिकामा विभाजक दिला तर पायथन त्रुटी देते, गो युनिकोडच्या एकेका कोड पॉइंटवर (युनिकोडने क्रमांक दिलेल्या एकेका चिन्हावर) तोडते, जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ या साठवणीच्या पद्धतीतल्या एककांवर. देवनागरी लिहिणाऱ्याला यांतले शेवटचे दोन्ही पर्याय निरुपयोगी आहेत. "मराठी" या शब्दाचे असे पाच तुकडे होतात, ज्यांत एक सुटा काना आणि एक सुटी वेलांटी असते; वाचणारा मात्र तीनच अक्षरे मोजतो. जोडाक्षरे तर युनिकोडच्या अक्षरसमूहांच्या नियमांतही २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीपर्यंत मूलभूत पातळीवर एकसंध मानली जात नव्हती. तेव्हा रिकामा विभाजक ही माझ्या भाषेत त्रुटी आहे, आणि अक्षरे वेगळी करणे हे स्प्लिटचे कामच नाही.

विभाजक रिकामा नसला तरी हा प्रश्न पुरता संपत नाही. "मराठी" ही स्ट्रिंग "र" वर तोडली तर "म" आणि "ाठी" असे तुकडे होतात, आणि दुसऱ्याच्या सुरुवातीचा काना आधाराविना लोंबकळत राहतो. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बाइटनिहाय शोध कोड पॉइंटच्या मधोमध कधी पडत नाही, पण अक्षराच्या मधोमध पडू शकतो. अक्षराच्या सीमा पाहणारे स्प्लिट लिहिणे शक्य होते. मी ते लिहिले नाही, कारण विभाजक बहुतेक वेळा स्वल्पविराम, टॅब किंवा बरोबरीचे चिन्ह असतो आणि त्यांच्यामागे काना-मात्रा येत नाहीत. दुर्मीळ गरजेसाठी प्रत्येक वेळी युनिकोडचे तक्ते धुंडाळण्याचा खर्च मला पटला नाही.

ओळींसाठी लाइन्स हे चौथे फंक्शन ठेवावे लागले. पॉझिक्सच्या व्याख्येनुसार नवओळीचे चिन्ह हा ओळीचा शेवट आहे, दोन ओळींमधला विभाजक नव्हे. त्यामुळे फाइलीच्या अखेरच्या चिन्हानंतर आणखी एक रिकामी ओळ मोजणे चूक ठरते, आणि स्प्लिट नेमके तेच करते.

चारही फंक्शन्स आल्यावर जुने लूप काढून टाकले. तीन प्रोग्रॅम पूर्वीसारखेच चालले. चौथ्याची माहितीची फाइल तयार करणारा कोड प्रत्येक नोंदीनंतर स्वल्पविराम लिहीत होता, शेवटच्या नोंदीनंतरसुद्धा, आणि वाचणारा जुना लूप तो जादा रिकामा तुकडा मुकाट्याने गिळत होता. आता तिथे शेवटचा रिकामा तुकडा वगळणारी एक वेगळी ओळ आहे.