गाव दोनशे माणसांचं, गोल्फ कोर्स १८८७ चा

पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात अलेगेनी नदीच्या काठावर फॉक्सबर्ग नावाचं गाव आहे, वस्ती दोनशेच्याही आत, आणि एवढ्याशा गावाला स्वतःचा कंट्री क्लब आहे, तोही असा की त्याच्या मैदानावर १८८७ पासून आजपर्यंत लोक गोल्फ खेळतायत. अमेरिकेतला कंट्री क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मोठं गेट, महागड्या गाड्या आणि मेंबरशिपची वेटिंग लिस्ट येते. त्यामुळे या गावाबद्दल वाचायला लागलो आणि मग थांबताच येईना, जुनं क्रिकेट हा माझा आवडीचा विषय आणि हा क्लब सुरू झाला तो चक्क क्रिकेटमुळे!

तर झालं असं. जोसेफ मिकल फॉक्स हा फिलाडेल्फियाच्या श्रीमंत घरातला माणूस, मेरियन क्रिकेट क्लबचा मेंबर. त्या काळात फिलाडेल्फियात क्रिकेट जोरात होतं, आणि १८८४ मध्ये जेंटलमेन ऑफ फिलाडेल्फिया ही टीम इंग्लंड दौऱ्यावर गेली त्यात हा पण होता. मॅचेस संपल्यावर तो स्कॉटलंडला गेला, सेंट अँड्र्यूजला पोचला, आणि तिथे त्याला गोल्फ शिकवलं ते कोणी तर ओल्ड टॉम मॉरिसने, जो ओपन ही ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा चार वेळा जिंकलेला आणि सेंट अँड्र्यूजचं मैदान सांभाळणारा माणूस. म्हणजे आज नव्याने बॅट धरणाऱ्याला थेट सचिनने स्टान्स दाखवावा तसं. फॉक्स परत आला तो सोबत क्लब्ज (गोल्फच्या काठ्या) आणि गटापर्चाचे बॉल घेऊनच.

हे गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, हाताने गोल करायचा, थंड झाला की कडक. थंडीत कधी कधी फटका मारल्यावर बॉलचे तुकडेच व्हायचे आणि त्यासाठी नियम होता की सगळ्यात मोठा तुकडा जिथे पडला तिथे नवीन बॉल ठेवून पुढे खेळायचं. मला हा नियम फार आवडतो.

फॉक्सबर्गला या घराण्याची उन्हाळ्यात येऊन राहायची इस्टेट होती, गावाचं नावही त्यांच्यावरूनच. तिथे त्याने आधी स्वतःच्या कुरणात थोडी होल्स, म्हणजे बॉल घालायचे खड्डे, पाडली, मग गावातल्या लोकांना बघून बघून इंटरेस्ट यायला लागला, तेव्हा १८८७ मध्ये त्याने खेळायला वेगळी जमीन दिली आणि क्लब उभा राहिला. सुरुवात मोजक्या होल्सची, मग नऊ झाली, आणि आजही नऊच आहेत.

आता याच्या शेजारी बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनचा क्लब ठेवून बघा. १८८२ चा, नावच 'द कंट्री क्लब', कारण अशा प्रकारचा तो पहिलाच मानला जातो. तिथे सुरुवातीला गोल्फ नव्हतंच, घोडे होते, रेस होत्या, शहरातल्या पैसेवाल्यांना संध्याकाळी मोकळ्या हवेत जेवायला जागा हवी होती. गोल्फ आलं ते १८९३ मध्ये. म्हणजे तिकडे आधी क्लब आणि मग खेळ, इकडे आधी खेळ आणि मग क्लब. मला वाटतं छोट्या गावातल्या बहुतेक क्लबांची गोष्ट फॉक्सबर्गसारखी आहे, कोणाकडे तरी पडीक नाहीतर गुरं चारायची जमीन असते, चार-सहा जण डॉक्टर, वकील, बँकवाले, दुकानदार एकत्र येतात, शेअर विकून थोडा पैसा उभा करतात आणि कामाला लागतात.

हे गावोगाव पसरलं कसं, त्यात स्पाल्डिंग कंपनीचा मोठा हात आहे. त्यांना क्लब्ज आणि बॉल विकायचे होते, आणि मैदानच नसेल तर ते घेणार कोण? म्हणून त्यांनी टॉम बेंडेलोला कामाला लावलं, मूळचा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा, पूर्वी न्यूयॉर्कमध्ये पेपरात टाइपसेटिंगचं काम करायचा. तो ट्रेनने गावोगाव फिरायचा, जमीन चालून बघायचा, टी (पहिला फटका मारायची जागा) कुठे, ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत जागा) कुठे, तिथे खुंट्या ठोकायचा आणि पुढच्या गावाला. अशी शेकडो मैदानं त्याने आखली. नंतरच्या लोकांनी 'खुंट्या ठोकणारा' म्हणून त्याला नावं ठेवली, मला ते अजिबात पटत नाही, कारण बुलडोझर नव्हते, गावांकडे पैसे नव्हते, आणि तो आला नसता तर त्या गावांत खेळ पोचलाच नसता.

नेब्रास्का, कॅन्सससारख्या कोरड्या भागात तर ग्रीनवर गवत टिकवणं म्हणजे पाण्याचा खर्च, तो झेपणार कसा, मग त्यांनी वाळूची ग्रीन्स केली. वाळूत तेल मिसळायचं, म्हणजे वारा आला तरी ती उडत नाही आणि पाऊस आला तरी वाहून जात नाही. बॉल ग्रीनवर आला की आधी तिथे ठेवलेलं एक जड फळकूट किंवा पाइप घ्यायचा, बॉलच्या रेषेपासून होलपर्यंत ओढत न्यायचा, एक गुळगुळीत पट्टा तयार होतो, त्या पट्ट्यावरून पट करायचं, म्हणजे बॉल होलकडे हलकेच ढकलायचा, आणि सगळ्यांचं झालं की पुढच्या लोकांसाठी वाळू गोल गोल ओढून सारखी करून जायचं. अशी ग्रीन्स काही गावांत अजून आहेत आणि लोक ती हौसेने सांभाळतात.

पण क्लबांची शंभर वर्षांची स्मरणिका निघते त्यात अध्यक्षांचे फोटो असतात, ट्रॉफ्या असतात, आणि ज्यांना आत घेतलं नाही त्यांचं नाव कुठेच नसतं. हे मला खटकतं. कितीतरी क्लबांत ज्यूंना आणि काळ्या लोकांना मेंबरशिप नव्हती, ते कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूची बॅग उचलायला, चालायचे, किचनमध्ये चालायचे. १८९६ ची यूएस ओपन, म्हणजे अमेरिकेची मोठी गोल्फ स्पर्धा, शिनेकॉक हिल्सला झाली, जॉन शिपेन नावाचा १६ वर्षांचा काळा मुलगा खेळायला उतरला तर काही प्रोफेशनल म्हणाले आम्ही खेळणार नाही, आणि गोल्फ असोसिएशनचे अध्यक्ष थिओडोर हेवमायर ठाम राहिले म्हणून तो खेळला, चांगला खेळला, पहिल्या दहात आला. एवढं होऊनसुद्धा पुढे पीजीएने, म्हणजे व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने, १९३४ मध्ये घटनेतच 'फक्त गोरे' हा नियम घातला, तो काढायला १९६१ उजाडलं. नियम निघाला म्हणून गेट उघडलं असंही नाही, १९९० मध्ये अलाबामाच्या शोल क्रीकला पीजीए चॅम्पियनशिप होती तेव्हा हाच वाद पेटला, आणि त्यानंतरच मोठ्या स्पर्धा देताना क्लबाची मेंबरशिप बघायला सुरुवात झाली.

मेंबर म्हणून नाही, कॅडी म्हणून आत आलेला आणखी एक म्हणजे फ्रान्सिस विमेट. ब्रुकलाइनच्या मैदानासमोर रस्त्यापलीकडे त्याचं घर, लहानपणी तिथेच कॅडी, आणि १९१३ मध्ये २० वर्षांचा असताना त्याच मैदानावर हॅरी व्हार्डन आणि टेड रे या दोन ब्रिटिश दिग्गजांना प्लेऑफमध्ये हरवून यूएस ओपन जिंकला, बॅग उचलायला १० वर्षांचा एडी लोवरी. या विजयानंतर अमेरिकेत गोल्फचं वेड साध्या घरांतही शिरलं, गावोगाव नवीन क्लब निघाले, मग १९२९ नंतरच्या मंदीत त्यातले कितीतरी बंद पडले किंवा नगरपालिकांनी चालवायला घेतले.

'सगळ्यात जुना कोण' हा वाद अर्थात आहेच. व्हरमाँटचं डॉर्सेट १८८६ सांगतं, वेस्ट व्हर्जिनियाचं ओकहर्स्ट १८८४ सांगतं, पण तिथे मधली कितीतरी वर्षं खेळ बंदच होता. न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्सचा 'सेंट अँड्र्यूज' नावाचा क्लब १८८८ चा, पण त्याने जागा बदलत नेली. मी फॉक्सबर्गच्या बाजूने आहे, आणि ते काही नुसत्या तारखेसाठी नाही, तर १८८७ मध्ये गावातल्या लोकांसाठी दिलेली जमीन आजही त्याच कामाला वापरली जाते म्हणून. २००७ मध्ये हे मैदान अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेलं. लाकडी ओंडक्यांच्या क्लबहाऊसमध्ये अमेरिकन गोल्फ हॉल ऑफ फेमचं म्युझियम आहे, जुन्या काठ्या, जुने बॉल सगळं तिथे बघायला मिळतं. आणि मेंबर नसलात तरी पैसे भरून खेळता येतं.