थिक आणि थिन: जाड, दाट, घट्ट, पातळ, बारीक, विरळ

थिक म्हणजे जाड आणि थिन म्हणजे बारीक, एवढं पाठ केलं की पहिली दोन वाक्यं बरोबर येतात, तिसरं फसतं. मराठीत वस्तू बदलली की विशेषणही बदलतं: पुस्तक जाड, धुकं दाट, सूप घट्ट. इंग्रजीत तिन्ही थिक. दुसऱ्या बाजूला कागद पातळ, दोरी बारीक, केस विरळ, आणि तिन्ही थिन. इथवर सोपं आहे. घोळ होतो तो मराठीतून इंग्रजीत जाताना.

जाड मीठ हे 'थिक सॉल्ट' होत नाही, ते कोर्स सॉल्ट. कण किंवा पूड असेल तर जोडी कोर्स आणि फाइन अशी लागते. बारीक अक्षर स्मॉल, गॅस बारीक केला तर फ्लेम लो. कॉफी पाणचट झाली तर ती वीक. घट्ट कपडे टाइट. दाट जंगल थिक चालतं, पण विरळ जंगलाला स्पार्स म्हणावं. आणि जाड माणसाला चुकूनही थिक म्हणू नये. ब्रिटिश बोलीत त्याचा अर्थ मठ्ठ. बारीक माणूस मात्र खुशाल थिन. कौतुकानं म्हणायचं तर स्लिम. स्किनीत हाडं दिसतात, तो शब्द जपून वापरावा.

मोजमापात थिक आणि थिन या दोघांना सारखा मान नाही. काच 5 मिलिमीटरची असो की अर्ध्या मिलिमीटरची, प्रश्न 'हाऊ थिक इज इट?' असाच विचारायचा आणि उत्तरही 'हाफ अ मिलिमीटर थिक' असंच द्यायचं. 'हाऊ थिन?' विचारलं तर वस्तू पातळ आहे हे आधीच धरून चालल्यासारखं होतं. मराठीतही आपण जाडीच विचारतो, पातळपणा कुणी मोजत नाही. जाहिरातवाले 'फक्त 6 मिलिमीटर थिन' लिहितात, पण तो मिरवण्याचा भाग.

क्रियापद करताना थिकला शेपूट लागतं: सॉस दाट करणं म्हणजे थिकन. थिनला काहीच लागत नाही, रंग पातळ करणं म्हणजे नुसतं 'थिन द पेंट'. त्यासाठी ओततात ते थिनर; स्पेलिंगमध्ये दोन एन. थिकरमध्ये दुप्पट काही होत नाही, कारण शेवटी आधीच सी आणि के अशी दोन व्यंजनं आहेत.

'थ्रू थिक अँड थिन' म्हणजे सुखदुःखात साथ. मूळ चित्र रानाचं: दाट झाडी असो की विरळ, वाट सोडायची नाही. 14व्या शतकात इंग्रज कवी चॉसरनं हे शब्द उधळलेल्या घोड्याबद्दल वापरले होते.

उच्चारात आपला थ चालवला तर ऐकणाऱ्याला टिक आणि टिन ऐकू येऊ शकतं. आपल्या थ ला जीभ दाताला टेकते आणि सुटते. इंग्रजीत जिभेचं टोक दातांच्या फटीत ठेवून हवा सोडत राहायची. तपासायचं असेल तर स्वर न जोडता तो आवाज दोन सेकंद लांबवून पाहा. लांबला तर बरोबर, तुटला तर तो आपलाच थ.